व्याह्यांची दुनळी आणि चिरंजीवांची सेमी-ऑटोमॅटिक

खानापूर तालुक्यातील एका निवृत्त सुभेदारांचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे :

"थोरला मुलगा कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात नोकरीला आहे. तेथील सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याने बंदुकीचा परवाना मिळवला आणि गेल्या हंगामात तो सहकाऱ्यांबरोबर रानहंसांच्या शिकारीला जाऊ लागला. मित्राची उसनी घेतलेली सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) त्याच्या हातात तीनदा अडकली. पहिल्यांदा पहाटे पहिलाच बार उडाला नाही, नुसता 'टक्' आवाज झाला. दुसऱ्यांदा कडाक्याच्या थंडीत बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग, पुढे जाऊन बसलाच नाही. तिसऱ्यांदा दिवसाच्या शेवटी उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतच उभी राहिली. आता त्याला स्वतःची बंदूक घ्यायची आहे. आमचे व्याही चंदगडचे. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर वडिलोपार्जित दुनळी आहे. ऑटोमॅटिक ऐन वेळी दगा देते, दुनळीच घ्या, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. मी २४ वर्षे पायदळात काढली, पण शॉटगनचा मला अनुभव नाही. मुलाला काय सांगावे? आणि तो पुढे गावी परतला, तर ही बंदूक आणता येईल का? आमच्या भाताचे आणि उसाचे रानडुकरांनी वाटोळे केले आहे."

आदरणीय सुभेदारसाहेब,

स. न. वि. वि.

आपले व्याही अनुभवी आहेत आणि त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, परंतु त्यांना एक प्रश्न आपणच विचारू शकता, कारण तो विचारण्याचा अधिकार आपला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आपण जी ७.६२ ची एस.एल.आर. खांद्यावर वाहिली असेल, तिच्या नावातच 'सेल्फ लोडिंग' हे शब्द होते, म्हणजे ती सेमी-ऑटोमॅटिकच होती. चाप एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला ती बसते त्या जागेत. त्या रायफलीवर आपण स्वतःचा आणि शेजारच्या जवानाचा जीव सोपवलात. तेव्हा स्वतःहून भरणारे हत्यार मुळातच बेभरवशाचे असते, हा सिद्धान्त आपल्याच घरात टिकत नाही. मात्र तीच बंदूक तेल न बदलता बर्फात नेली, गॅस रेग्युलेटर चुकीच्या खाचेवर ठेवला किंवा साफसफाईला दांडी मारली, तर काय होते, हेही आपल्याला कोणी शिकवायला नको. चिरंजीवांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे.

उरलेले निम्मे उत्तर काडतुसात आहे, आणि रायफल व शॉटगन यांच्यातील खरा फरक तोच आहे. रायफलीची गोळी एका ठरलेल्या मापाची, ठरलेल्या दारूची आणि धातूच्या कवचाची असते, त्यामुळे यंत्रणा त्या एका धक्क्यासाठी बेतता येते. बारा बोअरच्या शॉटगनमध्ये मात्र सकाळी नेमबाजीच्या मैदानावर २४ ग्रॅम छर्ऱ्यांचे हलके काडतूस घातले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच नळीत ५० ग्रॅमच्या आसपासचे भारी काडतूस घातले जाते, आणि दोन्ही वेळी यंत्रणेने सारख्याच तत्परतेने मागे जाऊन पुढे यावे अशी आपली अपेक्षा असते. त्यातच काडतुसाचे अंग प्लॅस्टिकचे, बूड पितळेचे किंवा पातळ पोलादी पत्र्याचे, बुडाला बाहेर आलेला काठ, आणि तोंड चपटे दुमडलेले. रायफलीच्या गोळीसारखे टोक नसल्याने ते आपणहून चेंबरकडे सरकत नाही. नळीखालच्या मॅगझिनमधून मागे आलेले काडतूस एका हलत्या पट्टीने वर उचलावे लागते आणि मग बोल्टने ते नेमके तोंडाशी ढकलावे लागते. उडाल्यावर दुमडलेले तोंड उघडते आणि पुंगळी भरलेल्या काडतुसापेक्षा लांब होते. हे सगळे डोळ्यांसमोर आणले की सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन अडकते कशी यापेक्षा ती इतकी चालते कशी, याचेच नवल वाटावे.

आता त्या तीन वेळांकडे येऊ, कारण आपण दिलेले वर्णन नेमके आहे आणि त्यावरून मित्राची बंदूक कोणत्या जातीची आहे, हे बहुधा सांगता येते. माझ्या मते ती इनर्शिया (जडत्व) पद्धतीची असावी. इटलीतील उर्बिनो गावच्या बेनेली कंपनीने ही पद्धत नावारूपाला आणली आणि तिची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. बार उडाला की सगळी बंदूक धक्क्याने मागे येते, पण आतला जड बोल्ट जडत्वामुळे क्षणभर जागेवरच राहतो, त्यामुळे त्याच्या पोटातली आखूड, जाड स्प्रिंग दाबली जाते. छर्रे नळीबाहेर गेल्यावर ती स्प्रिंग सुटते, बोल्टला मागे फेकते, बोल्टचे फिरते डोके कुलूप सोडते आणि पुंगळी बाहेर पडते. गॅसचा पिस्टन नाही, नळीला भोक नाही, त्यामुळे काजळीही आत फारशी येत नाही. लाल परिवहनच्या बसने अचानक गती घेतली की मधल्या वाटेत उभा असलेला माणूस जसा मागे कलंडतो, तोच हा नियम आहे.

पहिली घटना, म्हणजे पहाटेचा तो 'टक्'. चिरंजीवांना एवढेच विचारा की अंधारात दबून बसल्यावर हंसांना चाहूल लागू नये म्हणून त्यांनी बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडला होता का? मला जवळजवळ खात्री आहे की उत्तर 'हो' येईल. या जातीच्या बंदुकीत बोल्टचे डोके फिरून कुलूप लागण्यासाठी बोल्ट स्वतःच्या स्प्रिंगच्या जोराने आपटावा लागतो. हाताने सोडला की तो पुढे गेलेला दिसतो, खिडकी बंद झालेली दिसते, पण डोके केसभर कमी फिरलेले असते. घोडा पडतो, फायरिंग पिन पुरेशा जोराने काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आदळत नाही आणि हंस मात्र डोक्यावरून निघून जातात. भरलेली बंदूक दस्त्याच्या बाजूने जमिनीवर जरा जोरात टेकवली तरी हेच घडू शकते, कारण त्या आपटीलाही बोल्ट धक्काच समजतो. अमेरिकेतले शिकारी या दोषाला कंपनीच्या नावाने ओळखतात, आणि कंपनीनेही नव्या मॉडेलमध्ये बोल्टचे डोके जागेवर धरणारी छोटी योजना केली आहे, म्हणजे दोष काल्पनिक नाही. पण उपाय सोपा आहे. बोल्ट मागे ओढून सोडून द्यावा, आवाज झाला तर होऊ द्यावा, आणि नंतर तळव्याने बोल्टचा दांडा एकदा पुढे दाबून पाहावा.

दुसरी घटना थंडीची. सस्कॅचेवानच्या गवताळ पठारावर हंगामाच्या शेवटी पहाटेचे तापमान शून्याच्या कितीतरी खाली असते, आणि मित्राने बंदूक बहुधा घरगुती, दाट तेलाने न्हाऊ घातली असावी. आपण लडाखच्या बाजूला काढलेला एखादा हिवाळा आठवला, तर दाट तेलाचे गोठून कसे डिंक होते ते मी सांगायला नको. त्यात आणखी एक बारीक गोष्ट भर घालते. रात्री गरम घरात ठेवलेली बंदूक गाडीतून थंडीत नेली किंवा थंडीतून घरात आणली की तिला घाम फुटतो, त्या घामाचे पाणी बोल्टच्या खाचांत साठते आणि पुढच्या पहाटे त्याचा बर्फ होतो. म्हणून घरी आल्यावर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती उघडावी, पुसावी, तास-दोन तास कोरडी होऊ द्यावी आणि मगच कुलूपबंद करावी. थंडीत बोल्टला तेल लावायचे ते अगदी पातळ, आणि तेही बोटाने लावून फडक्याने पुसून टाकलेले, म्हणजे नुसता ओलसरपणा उरेल इतकेच. पायदळातल्या माणसाला तेल जास्त लावू नका असे सांगणे म्हणजे खरे तर धाडसच आहे, पण नागरी बंदूकधारकांत सर्वाधिक बंदुका गंजाने नव्हे तर तेलाच्या लोण्याने मंदावलेल्या मी पाहिल्या आहेत.

तिसरी घटना, खिडकीत उभी राहिलेली पुंगळी. ती दिवसाच्या शेवटी घडली, म्हणजे भारी काडतुसे संपली असतील आणि खिशात उरलेली नेमबाजीची हलकी काडतुसे घातली गेली असतील. इनर्शिया पद्धतीच्या बंदुकीला मागे येण्यासाठी पुरेसा धक्का लागतो. हलक्या काडतुसाने तो मिळत नाही, बोल्ट अर्ध्यावरून परततो आणि पुंगळी दारात चेमटली जाते. नव्या बंदुकीत स्प्रिंगा ताठ असतात तेव्हा हे जास्त होते, म्हणून सुरुवातीला भारी काडतुसे मारून ती मोकळी करून घेण्याचा सल्ला कंपन्याच देतात. शेतात पाठीवर पडून शिकार करताना दस्ता खांद्याऐवजी एखाद्या कठीण टेकूला भिडला, किंवा नळीखाली लांब मॅगझिन, टॉर्च असली वजने लटकावली, तरी बंदूक मागे येण्याचे प्रमाण कमी होऊन हाच परिणाम दिसतो.

म्हणजे तीन वेळा अडकली, पण तिन्ही वेळी कारण वेगळे होते, आणि एकदाही लोखंड तुटले किंवा झिजले नव्हते. व्याह्यांचा 'दगा' हा शब्द मला येथे थोडा अन्यायाचा वाटतो. बंदुकीने अट सांगितली होती आणि ती अट कोणी ऐकली नव्हती, इतकेच.

हा प्रकार नवा नाही. जगातील पहिली यशस्वी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंग यांनी बनवली आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्यात तयार होऊ लागली. मागच्या बाजूला कुबड असलेली ती 'ऑटो-५' जवळजवळ शतकभर बनत राहिली. त्यातील एक बंदूक बरीच वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका जुन्या इनामदार घराण्यातून माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. तक्रार अशी की ती खांद्याला फार मारते आणि पुढचे लाकूड दोनदा फुटले, म्हणून आता कोणी तिला हात लावत नाही. सेमी-ऑटोमॅटिकची ही दुसरी जात. या बंदुकीत बार उडाल्यावर नळी आणि बोल्ट दोन्ही मिळून लांबवर मागे येतात, आणि त्यांना ब्रेक लावण्यासाठी मॅगझिनच्या नळीवर एक कांशाची फट असलेली चकती आणि एक पोलादी कडी असते. भारी काडतुसांसाठी कडी स्प्रिंगच्या पुढे, कांशाच्या चकतीला चिकटून बसवायची. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी स्प्रिंगच्या मागे, बॉडीच्या अंगाला ठेवायची, म्हणजे ब्रेक सैल होतो. मी पुढच्या टोकाची टोपी फिरवून लाकूड उतरवले, तर कडी मागे, हलक्या काडतुसांच्या जागी बसलेली होती आणि वर मॅगझिनची नळी तेलाने निथळत होती. घरातली मंडळी मात्र रानडुकरांसाठी आणलेली भारी एस. जी. (मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसे) मारत होती. ब्रेकला तेल लावलेली बैलगाडी घाटातून सोडावी तसा तो प्रकार होता. कडीची जागा बदलली, नळी कोरडी पुसली आणि लाकडाला आतून पट्टी दिली. एवढ्यावर ती पुढे कितीतरी वर्षे मुकाट चालली. तिच्याबरोबर आलेल्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कडी कशी बसवायची याचा छापील कागद चिकटवलेला होता, हे सांगितल्याशिवाय मात्र मला राहवत नाही.

तिसरी जात गॅसची, आणि ती आपल्याला सर्वांत लवकर समजेल. नळीला दोन बारीक भोके असतात, त्यातून थोडा गॅस पिस्टनवर येतो आणि पिस्टन बोल्टला मागे ढकलतो. एस.एल.आर.मध्ये गॅस किती घ्यायचा ते जवान रेग्युलेटर फिरवून ठरवत असे. आजच्या चांगल्या शॉटगनमध्ये हे काम एक स्प्रिंगदार झडप स्वतःच करते आणि भारी काडतुसाचा जास्तीचा गॅस बाहेर सोडून देते. त्यामुळे हलके आणि भारी काडतूस एकाच बंदुकीत चालते, आणि धक्का थोडा वेळ लांबवला गेल्याने खांद्यालाही ती सौम्य वाटते. उणी बाजू काजळीची आहे. झडपेवर आणि पिस्टनवर ती बसत जाते, आणि न पुसता शेकडो काडतुसे मारली की एके दिवशी पुंगळी अर्धवट बाहेर पडू लागते. १९६३ साली आलेल्या अमेरिकेच्या रेमिंग्टन ११०० सारख्या गाजलेल्या बंदुकीत गॅस अडवण्यासाठी रबराची एक साधी कडी असते. ती कडी चिरली की अख्खी बंदूक एकबारी होऊन बसते, आणि जाणता शिकारी अशा चार-दोन कड्या काडतुसांच्या पेटीत टाकूनच निघतो. आपल्याकडे पंपाचा वॉशर नाही म्हणून अख्खी बोअरवेल बंद पडते, त्यातलाच हा प्रकार.

आता माझा सल्ला. चिरंजीव नवे आहेत, उन्हाळ्यात क्लबमध्ये तबकड्यांवर हलक्या काडतुसांचा सराव करतील आणि शरद ऋतूत भारी काडतुसांनी हंस मारतील. या मिश्र वापराला गॅसची, स्वतः दाब सांभाळणारी, नाव असलेल्या कारखान्याची बारा बोअर मला योग्य वाटते. चेंबर ३ इंची, म्हणजे ७६ मिलिमीटरचे, पुरे आहे. साडेतीन इंचीचा मोह त्यांना दुकानदार घालेल, पण जितके लांब चेंबर तितका हलक्या काडतुसांचा रुसवा अधिक, आणि खांद्याची शिक्षा वेगळीच. अट मात्र एक : दर शिकारीनंतर त्याच संध्याकाळी पुढचे लाकूड उतरवून पिस्टन पुसला पाहिजे, आणि यासाठी दहा मिनिटे पुरतात. आपण मुलाला ओळखता. सायकलची साखळी कधी पुसली नाही असा तो असेल, तर मात्र माझा सल्ला बदला आणि इनर्शिया पद्धतीची घ्यायला सांगा, कारण ती मळ जास्त सोसते. फक्त बोल्ट हळू सोडायचा नाही आणि हलकी काडतुसे घालायची नाहीत, एवढे त्याने कागदावर लिहून बंदुकीच्या पेटीत ठेवावे. तुर्कस्तानातून येणाऱ्या स्वस्त बंदुका आज सगळीकडे मिळतात. त्यांत चांगल्याही आहेत आणि सुमारही आहेत. त्या घेताना चकाकी पाहण्यापेक्षा त्याच्या शहरात तिचे एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा भाग) आणि स्प्रिंग मिळते का, हे आधी विचारावे.

घेतलेली बंदूक थेट शिकारीला नेऊ नये. ज्या काडतुसांनी शिकार करायची, त्याच बनावटीची चार पेट्या, म्हणजे शंभर काडतुसे, तिने आधी मैदानावर न अडखळता मारली पाहिजेत. ती अडखळली तर काडतुसाचे नाव, बोल्ट कोठे थांबला आणि पुंगळी कोठे होती, हे वहीत लिहावे. 'जाम झाली' एवढ्याने कोणत्याही कारागिराला काही कळत नाही. पोलादी बुडाची स्वस्त काडतुसे काही चेंबरमध्ये फुगून घट्ट बसतात आणि एक्स्ट्रॅक्टरची नखी त्यांच्या काठावरून घसरते. अशा वेळी लोक एक्स्ट्रॅक्टर बदलतात, प्रत्यक्षात काडतूस बदलायचे किंवा चेंबरमधला गंजाचा खरखरीतपणा काढायचा असतो.

कापणी झालेल्या गव्हाच्या आणि वाटाण्याच्या रानात पडून हंसांची वाट पाहतात, तेव्हा भुसकट आणि माती खिडकीतून आत जाते, हे त्याने गृहीतच धरावे. वाट पाहताना खिडकीची बाजू वर आणि अंगावरच्या आच्छादनाखाली ठेवावी, आणि दिवसभराने आतली चापाची जुळणी झटकून घ्यावी. पाणथळीत बंदूक पडलीच, तर एक जागा विसरली जाते. पुष्कळ बंदुकांत बोल्ट परत आणणारी लांब स्प्रिंग दस्त्याच्या पोटातल्या नळीत असते. नळी वर करून बंदूक उभी ठेवली की पाणी आणि जुने तेल झिरपत त्याच नळीत जाते, तेथे गंजाचा लगदा होतो आणि दोन हंगामांनी बोल्ट 'म्हातारा' झाल्यासारखा चालू लागतो. म्हणून पुसलेली, रिकामी बंदूक काही काळ नळी खाली करून ठेवावी आणि वर्षातून एकदा दस्ता उतरवून ती स्प्रिंग पाहावी.

व्याह्यांच्या दुनळीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दुनळीत दोन नळ्या, दोन घोडे, दोन पिना. एक बाजू फसली तरी दुसरी तयार, आणि काडतूस हलके की भारी याची तिला पर्वा नाही. शिवाय ती मधोमध उघडून हातावर टाकली की पन्नास पावलांवरच्या माणसालाही ती रिकामी आहे हे दिसते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तसे नाही. पहिला बार उडताच दुसरे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेले असते आणि बाहेरून काहीच कळत नाही. कुंपण ओलांडताना, नावेत चढताना, गाडीत ठेवताना मॅगझिन रिकामे, बोल्ट मागे आणि बोट चेंबरमध्ये घालून खात्री, हा क्रम त्याने झोपेतही चुकवू नये. नळीत बर्फ किंवा चिखल शिरला असेल तर तो काढल्याशिवाय बार उडवू नये, आणि बारा बोअरच्या काडतुसांच्या खिशात वीस बोअरचे, म्हणजे त्याहून बारीक, काडतूस कधीही ठेवू नये. ते चुकून चेंबरमध्ये गेले तर घसरून नळीत अडकते, मागून बारा बोअरचे काडतूस बसते, आणि पुढे काय होते ते हाताची बोटे असलेल्या माणसाने अनुभवू नये. वीस बोअरची काडतुसे पिवळी करतात ती यासाठीच.

तरीही तेथे जुनी दुनळी नको, आणि याचे कारण छर्ऱ्यांचे आहे. कॅनडात पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९९ पासून देशभर बंद आहेत, त्यामुळे पोलादी किंवा अन्य बिनविषारी छर्रे वापरावे लागतात. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत आणि आवळलेल्या तोंडाच्या, पातळ नळीच्या जुन्या बंदुकीला ते खराब करतात. दुनळीच घ्यायची तर नवी, पोलादी छर्ऱ्यांसाठी प्रमाणित केलेली घ्यावी. स्थलांतरित पक्ष्यांसाठी तेथे बंदुकीत एकूण तीनच काडतुसे ठेवता येतात, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खुंटी बसवतात. म्हणजे दुनळीपेक्षा सेमी-ऑटोमॅटिकचा 'जास्तीच्या' बारांचा फायदा सगळा मिळून एका बाराचा आहे.

बंदूक गावी आणण्याचा विचार सोडून द्यावा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सेमी-ऑटोमॅटिक बंदुका निर्बंधित गटात येतात. त्यांचा परवाना बेळगावच्या डी. सी. (जिल्हाधिकारी) ऑफिसात मिळत नाही, तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे, आणि पीक संरक्षणासाठी तो मिळेल अशी आशा मी आपल्याला देणार नाही. कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे, ती त्यांच्यापुरती. खानापूरला तिचा उपयोग नाही. रानडुकराचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका झाला असता मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, आणि त्या आदेशाशिवाय टाकलेला बार हा गुन्हाच आहे, मग बंदूक कोणत्याही जातीची असो. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. म्हणून आधी पंचनामा करून घ्या, नुकसानीचा अर्ज आर. एफ. ओ. (वनक्षेत्रपाल) यांच्याकडे द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूने कोणी दारूचे गोळे किंवा विजेच्या तारा लावण्याचा सल्ला दिला, तर तो ऐकू नका. त्यात डुकरापेक्षा गावची गाय आणि पहाटे पाणी सोडायला गेलेला माणूस आधी सापडतो.

राहता राहिली व्याह्यांची दुनळी. ती वडिलोपार्जित आहे असे आपण लिहिता, म्हणून विचारतो : तिच्या नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर चेंबरची लांबी कोरलेली आहे का? जुन्या इंग्लिश बनावटीच्या दुनळ्यांची चेंबरे पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. त्यात ७० मिलिमीटरचे आजचे काडतूस अगदी सहज बसते, कारण उडण्यापूर्वी ते आखूडच असते. पण उडाल्यावर त्याचे उघडलेले तोंड चेंबरपुढच्या अरुंद भागात घुसते आणि दाब वाढतो. म्हणून काडतुसाच्या पेटीवरचा आकडा वाचल्याशिवाय त्यांनी एकही बार टाकू नये, आणि नळीवर आकडा नसेल तर चेंबर मोजून घ्यावे. हे काम त्यांनी कोल्हापुरातील एखाद्या परवानाधारक कारागिराकडेच करून घ्यावे. त्यांच्या परवान्याचे क्षेत्र केवळ महाराष्ट्रापुरते असेल, तर शिनोळीची हद्द ओलांडून ती बंदूक माझ्याकडे बेळगावला आणणे कायद्यात बसणार नाही. परवान्याच्या पुस्तिकेत क्षेत्राचा रकाना असतो, तो आधी पाहायला सांगा.

आपला,
सदरलेखक